नवं लाकूड म्हातारं करताना

आमच्या कारखान्यातले किस्से लाकडाच्या भुश्शासारखे आहेत. रोज झटकते, तरी संध्याकाळी अल खौदला घरी पोचले की ओढणीत थोडे सापडतातच. नवरा म्हणतो, लिहून तरी काढ, म्हणजे जेवताना तेच तेच ऐकावं लागणार नाही.

इथे आखातात, रुसैलला आमचं वर्कशॉप आहे. आम्ही अमेरिकेतल्या दिवाणखान्यांसाठी जुन्या आठवणी बनवतो. म्हणजे फळ्यांवर रंगवलेले झेंडे, गरुड, लाल कोठारं, आजोबांचा ट्रॅक्टर. लाकूड नवं, रंग नवा, पण दिसायला ऐंशी वर्षांचं हवं. माल घेणारी लिंडा तिकडून व्हिडिओ कॉलवर तुकडान् तुकडा तपासते. ऑर्डर आणि क्वालिटी माझ्याकडे. सुतारकाम दिलावरचाचांकडे. चाचा रत्नागिरीकडचे, चाळीस वर्षं रंधा चालवलेले.

पहिल्या दिवशी मी त्यांना काम समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, जन्मभर लोकांनी मला जुनं नवं करायला बोलावलं. आता उलटं करायचं?"

"हो."

"आणि याचे पैसे देतात?"

"डॉलरमध्ये."

चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग गावचं अख्खं घरच पाठवून देतो की."

*

जुनं दाखवायचं तर लाकडाला पोचे पाडावे लागतात. बाकीची पोरं साखळी घेऊन फळी झोडपतात आणि पाच मिनिटांत मोकळी होतात. चाचांना एका फळीला दुपार लागली. जाऊन बघते तर पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसलेले. फळीवर अठरा पोचे, सगळे सारख्या अंतरावर, सगळे सारखे खोल.

लिंडाने कॉलवर ती फळी बघितली. "फार सुंदर आहे," ती म्हणाली. "पण ऐंशी वर्षं इतक्या शिस्तीत जात नाहीत."

*

मग झेंड्यांची ऑर्डर आली. रंगवून झाल्यावर झोडपायचं, म्हणजे रंगाचे टवके उडतात. चाचांनी साखळी खाली ठेवली.

"कुणाचा का असेना, झेंडा आहे. मी नाही मारणार."

मी समजावलं, तरी ऐकेनात. वर मलाच म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही मारा." माल त्याच दिवशी जायचा होता. मी ओढणी खोचली आणि सुरू झाले. सातआठ फटके बसले असतील, तेवढ्यात आमचे अर्बाब, म्हणजे मालक, एका पाहुण्याला वर्कशॉप दाखवायला घेऊन आले. पाहुणा अमेरिकन होता.

माझा हात वरच राहिला. अर्बाब घाईघाईने म्हणाले, "एक्सपोर्टसाठी आहे, एक्सपोर्टसाठी."

पाहुण्याने जवळ येऊन झेंडा नीट बघितला. "माझ्या मेव्हण्याकडे अस्साच आहे," तो म्हणाला. "पणजोबांचा म्हणून सांगतो."

*

एक झेंडा थोडा वाकडा झाला म्हणून रिजेक्ट झाला. मी तो घरी आणून सोफ्याच्या वर लावला. शुक्रवारी शेजारच्या जोशीकाकू आल्या. भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आदित्यचं झालं वाटतं ग्रीन कार्ड? आणि बोलली नाहीस."

आदित्य आमचा मुलगा. तेव्हा तो नववीत होता आणि गणितात काठावर होता. मी खरं ते सांगितलं. काकू हसल्या. रविवारपर्यंत बिल्डिंगमधून पेढ्यांसाठी तीन फोन आले.

*

चाचांची खोड मात्र जाईना. भेग दिसली की हात आपोआप लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, डब्याकडे. एकदा लिंडाची तपासणी झाल्यावर, पॅकिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी तीस फळ्यांच्या भेगा बुजवून टाकल्या. अख्खा लॉट परत आला.

अर्बाब ओरडणारा माणूस नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "आणखी एकदा असं झालं की खलास. त्यांचा व्हिसा मी वाढवणार नाही."

चाचांची धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी त्यांना निरोप सांगितला, तेव्हा मला वाईट वाटलं. त्यांनी लांबीचा डबा स्वतः आणून माझ्या कपाटात ठेवला. "इन्शाल्ला, आता नाही होणार," म्हणाले.

*

त्यानंतर दोन महिन्यांनी लिंडाने कुरिअरने एक झेंडा पाठवला. हा खराखुरा जुना होता. तिच्या आजोबांनी कोठाराच्या फळ्यांतून केलेला. यावरून रंग जुळवा आणि जपून परत पाठवा, असं तिने लिहिलं होतं. मी गुरुवारी तो चाचांच्या टेबलावर ठेवला, चिठ्ठी इंग्रजीत होती ती तशीच त्यावर ठेवली आणि मीटिंगला गेले. तोंडी सांगायचं राहिलं. चूक माझीच.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपवून रविवारी सकाळी येऊन बघते तर झेंडा चकचकीत. भेगा बुजवलेल्या, पट्टे रंगवलेले, वर पॉलिश.

"फार हाल झाले होते बिचाऱ्याचे," चाचा म्हणाले. "मला वाटलं गिऱ्हाइकाने दुरुस्तीला पाठवलाय. लांबी माझ्या पैशाने आणली."

मी त्यांना खरं सांगितलं. ते स्टुलावर बसले.

संध्याकाळी कॉल लावला. अर्बाब माझ्या मागे उभे, चाचा दाराशी. मी झेंडा कॅमेऱ्यासमोर धरला. लिंडाने तोंडावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "खालचा डावा कोपरा दाखव."

मी झेंडा फिरवला. त्या कोपऱ्यात एक वाकडा खिळा होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. भोवती पोचेच पोचे, जुना रंग उडालेला. अख्ख्या झेंड्यात तेवढ्याच जागेला हात लावलेला नव्हता.

लिंडाने विचारलं, "हे का सोडलं?"

मी चाचांना विचारलं. ते खाली बघतच बोलले. "तो खिळा मोठ्या माणसाचा नाही. सातआठ वर्षांच्या पोराचा हात आहे, हातोडी चुकून चुकून भोवती पडलीय. ज्याने हे काम केलंय तो पक्का कारागीर होता, त्याला तो खिळा सहज काढता आला असता. त्याने ठेवला, मग मी कोण काढणारा?"

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

"सहा," लिंडा म्हणाली. "मी सहा वर्षांची होते."