पुंडलिक तांडेलाची हंसा

घिवलीची हंसा मला भेटली ती कवायतीच्या मैदानावर. मी बेटेगावची, ती समुद्राकाठची. आमच्या भागात तेव्हा एक रक्षक पथक होतं आणि त्यात बायांची एक तुकडी. आम्हाला रायफल उघडायला शिकवली, पुसायला शिकवली, नेम धरायला शिकवला, आणि मग हातात काठी देऊन जत्रेत बायकांच्या रांगेपाशी उभं केलं. हंसाचा नेम पुरुषांपेक्षा सरस. पण तिच्या वाट्याला काम काय, तर हरवलेली पोरं शोधून त्यांच्या आयांच्या हवाली करायची. तिचं डोकं फिरायचं, आणि माझंही.

ब्याण्णव साली पेपरात आलं की लष्करात बाया अधिकारी होणार. मनोरच्या बाजारात मी तिला ती बातमी वाचून दाखवली. हंसा शाळेत जेमतेम सातवीपर्यंत गेलेली, तिच्यासाठी ते दार नव्हतंच. तरी तिने नीट ऐकून घेतलं.

"बंदूक घेऊन लढाईला धाडनार काय त्यांना?" तिने विचारलं.

"ते नाही. पण आत तर घेतलं."

"उंबऱ्यावर बसवलं म्हंजे घरात घेतलं नाय, जमना."

पुढच्या वर्षी मुंबईत बाँबस्फोट झाले आणि आमच्या किनाऱ्यावर पहारा वाढला. आमच्या पथकालाही समुद्रात गस्त घालायची होती. होड्या मच्छीमारांच्या आणि वर बंदूकवाली माणसं, असं ठरलं. त्यासाठी एक नवे साहेब आले. घिवलीसमोरचे बुडते खडक बघून ते म्हणाले, की हे पाणी ओळखणारं माणूस मला पथकातलंच हवं, दर वेळी गावातून कोणाला बोलवत बसू? मी लगेच हंसाचं नाव सांगितलं.

मी उगाच नाही सांगितलं. हंसाच्या बापाला, पुंडलिक तांडेलाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, सुकाण त्याच्या हाती. ज्याला खडक दिसत नाही त्याच्या होडीवर कोण खलाशी चढेल? आणि त्यांच्या आळीचा रिवाज असा, की मासळी बाईची, बाजार बाईचा, पण होडीला बाईचा पाय लागता कामा नये. तेव्हा बापलेकीने तोड काढली. हंसा बापाचा सदरा घालायची, डोक्याला फडकं बांधायची आणि किनारा मागे पडेपर्यंत जाळ्यांवर पडून राहायची. पुढे सुकाण तिच्याकडे. गोमा खलाशी आणि बाकीचे समजायचे की तांडेलाने लेकीला हट्टापायी शिकवलंय. ते कानाडोळा करत, कारण होडी भरून परत येत होती. बापाच्या डोळ्यांचं मात्र फक्त हंसाला माहीत होतं. मला तिने सांगितलं ते शपथ घालून.

साहेब माणूस सरळ होता. म्हणाला, "बाई असली म्हणून माझी हरकत नाही. रायफल देतो, होडीवर घेतो. तिला सुकाण येतं एवढं तिच्या वडिलांनी माझ्यासमोर सांगावं, बस्स." हंसा त्या दिवशी नुसती हसत होती. बापाच्या एका शब्दावर तर अडलं होतं, आणि बाप तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी साहेब घिवलीच्या किनाऱ्यावर आले. बोंबील वाळत घातले होते, माणसं जमली. हंसा कडक इस्त्रीच्या गणवेशात उभी. साहेबांनी विचारलं, "तांडेल, तुमची मुलगी होडी चालवते का?"

पुंडलिकने एकदा आळीच्या माणसांकडे मान वळवली. म्हणाला, "पोरीच्या जातीला होडीतलं काय कळतंय सायेब? ती कदी होडीत चढलीच नाय."

गोमाने तोंडात मिठाची गुळणी धरली. सगळ्यांनीच धरली. ज्यांच्या जाळ्यात तिने इतकी मासळी आणून घातली, ते वाळूकडे बघत राहिले. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं तर हंसाने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. एक वाक्य पुरे होतं, की याला दिसत नाही, याची होडी मी हाकते. ते तिने उच्चारलं नाही. बाप खोटा पडला असता आणि त्याचं तांडेलपण त्याच वाळूत संपलं असतं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग तू किनाऱ्यावर राहा. कोळणींच्या टोपल्या तपास." आणि गस्तीच्या होडीवर दुसऱ्याच कोणाला घेतलं.

त्या रात्री मी तिच्याकडेच राहिले. ती रडली नाही. मला मात्र तिच्या बापाचा इतका राग आला होता की त्याच्या घरचं ताट मी तसंच सारून ठेवलं.

सकाळी पुंडलिक दारात आला, जणू काही झालंच नाही. "चल गो, ओहोटी लागली."

हंसा आरशासमोर टोपी नीट करत होती. "कुठं?"

"कुठं म्हंजे? खडकांपाशी कोन बघंल?" तो आवाज खाली आणून म्हणाला.

"मी कदी होडीत चढले नाय, बाबा. सायबाला इचार."

म्हातारा चौकटीला धरून उभा राहिला. त्याचे पांढरट डोळे ती कुठे आहे ते शोधत होते. "तुला माजी जराबी कीव नाय?"

"काल होती," हंसा म्हणाली. "म्हनून तर गप ऱ्हायले."

आणि ती टोपल्या तपासायला निघून गेली.