लुकाची पांढरी वाइन आणि माझी बरणी

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही हो. इथं सौदीत, जेद्दात, खिडकीच्या कट्ट्यावर धूळ साठते ना, तसे ते साठतात. सकाळी पुसा, संध्याकाळी बोट फिरवलं की पुन्हा रेघ! अझीझिया भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी चार वर्षं आहे. मला लिहिता येत नाही, म्हणून मी बोलते आणि सूनबाई वैशाली लिहून घेते. ती मधेमधे हसते. मला मात्र या किश्श्यांत हसण्यापेक्षा मान खाली घालण्याचेच प्रसंग जास्त आठवतात.

*

पहिला प्रसंग मी आले त्याच दिवशीचा.

माझा सतीश इथल्या एका खाजगी दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर. विमानतळावर कस्टमच्या साहेबानं माझी बॅग उघडली. वरच लोणच्याची बरणी. त्यानं झाकण फिरवलं, नाक पुढं नेलं आणि अशी शिंक दिली की मागची रांग हलली! "यल्ला, यल्ला!" (म्हणजे चला, चला!) म्हणत त्यानं बॅग बंद केली.

घरी आल्यावर मी बॅगेच्या तळातून खोकल्याची बाटली काढली. द्राक्षासव. गावच्या वैद्यांनी दिलेलं.

सतीशनं लेबल वाचलं आणि तो मटकन खालीच बसला. "आई, यात अल्कोहोल असतं!"

"अरे, औषध आहे ते!"

"इथं हे त्यांना पटवून देईपर्यंत माझा इकामा गेला असता!"

इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना. सतीशनं बाटली बाथरूममध्ये ओतली आणि तीनदा पाणी सोडलं. माझा खोकला तिथल्या तिथं थांबला! पोराचं बसलेलं बस्तान उठवणारी बाटली मी साडीत गुंडाळून आणली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

*

खालच्या मजल्यावर खतीजाभाभी राहतात. रत्नागिरीकडच्या. त्यांचे मालक हमीदभाई मसाल्याचा धंदा करतात. दर शुक्रवारी नमाज झाली की त्यांच्याकडं जेवण. आम्ही जायचो आणि सतीशच्या दवाखान्यातली मशिनं दुरुस्त करणारा लुका यायचा. इटलीचा, पन्नाशीचा, एकटा जीव.

पहिल्या शुक्रवारी मी काय केलं असेल? घरून आपलं ताट आणि तांब्या घेऊन गेले! त्यांच्या भांड्यात जेवायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. सतीशचं तोंड उतरलं.

खतीजाभाभींनी माझ्या हातातलं ताट घेतलं. "बरं केलंत आक्का, एक कमीच पडत होतं!" असं म्हणून ते लुकापुढं मांडलं आणि मला आपल्या ताटात वाढलं!

मी मुकाट्यानं जेवले. सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी. तशी चव मी जन्मात चाखली नव्हती. आणि ही बाई? तिनं माझ्या घरातून गेलेला एकही डबा कधी 'यात काय घातलंय?' असं विचारून उघडला नाही. लोक म्हणायचे, विचारून घेत जा. त्या म्हणायच्या, "आक्कांच्या हातचं आहे, विचारायचं काय त्यात?"

*

एका शुक्रवारी लुकानं कालवणाचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. सतीशला इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, आता फक्त एकच गोष्ट कमी आहे. वर्दिक्यो."

ही त्याच्या गावची पांढरी वाइन. समुद्राजवळच्या टेकड्यांवर त्याच्या वडिलांचा मळा होता. आमचंही सगळं आयुष्य तासगावकडं द्राक्षाच्या मांडवाखाली गेलेलं. विरळणी, औषधात घड बुडवणं, बेदाणा, सगळं या हातांनी केलेलं. माझे कान टवकारले!

"विचार, रंग कसा असतो?"

लुका सांगत गेला, सतीश मराठीत आणत गेला. फिकट पिवळी, त्यात जरा हिरवी झाक. वास हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा. तोंडात आंबट, पण दात आंबवणारी नाही, जाग आणणारी. मागं जराशी खारट, समुद्रावरचा वारा ओठावर बसतो तशी. लाल वाइन जेवणावर दादागिरी करते म्हणे, ही मात्र माशाला आधी बोलू देते! आणि घोट उतरला की अगदी शेवटी कडू बदाम.

"शेवटी कडू? आणि त्याचं कौतुक?"

"म्हणतोय, ते कडू लागतं म्हणूनच दुसरा घोट घ्यावासा वाटतो."

"मग कारलं दे त्याला!"

सगळे हसले. मी तर अशी रंगले की दोन्ही हात हलवून विचारत सुटले, किती दिवस ठेवतात, कशात ठेवतात! सतीशनं मला कोपरानं ढोसलं तेव्हा भानावर आले. शुक्रवार, नमाजी माणसांचं घर, आणि मी दारूच्या चौकशा करतेय! जीभ चावली.

खतीजाभाभी भाकरी वाढत म्हणाल्या, "बोलू दे हो त्याला. बोलण्यानं कुणाला चढत नाही!"

*

पण लुकाचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. सुपरमार्केटात गेलो, तिथं लांब मानेच्या हिरव्या बाटल्या. द्राक्षाचा नुसता रस, इथं चालणारा. मला तो हवा होता. दुकानातला पोरगा केरळचा. मी माझ्या हिंदीत ठणकावून विचारलं, "भैया, वो बिना नशेवाली दारू किधर है?"

अख्खी रांग वळून बघायला लागली! सतीशनं ट्रॉली तिथंच सोडली आणि साबण बघायला लांब निघून गेला. लांब म्हणजे पार दुसऱ्या टोकाला!

बाटली आणली. लुकानं घोट घेतला, मला नमस्कार केला आणि सतीशला म्हणाला, "लग्नाच्या फोटोतल्या नवरदेवासारखी आहे. दिसते छान, पण बोलत नाही!"

*

आता पुढचं. हे वैशालीही पहिल्यांदाच ऐकतेय.

मी ठरवलं, तो रस आपणच करायचा. नशा नको, चव हवी. हिरवी द्राक्षं आणली, हातानं कुस्करली. लिंबाची साल, मिठाची कणी, चार कडू बदाम. उकळलं नाही, लुकाची वाइन चुलीवर चढत नाही ना! बरणीला फडकं बांधून निवळायला ठेवली, लोणचं ठेवतात तशी. पाच दिवस हात लावला नाही.

पाचव्या दिवशी फडकं फुगलं होतं. सोडलं तर आत बारीक बुडबुडे. आणि वास.

खोटं कशाला बोलू? तो वास मला माहीत होता. काढणीनंतर मांडवाखाली पडलेला माल उन्हात सडतो, त्याचा असाच वास येतो आणि त्यावर माशा झिंगतात. जन्म गेला त्या वासात. पण मनाला म्हटलं, लिंबाचा असेल. मला लुकाचा चेहरा बघायचा होता. (वैशालीनं पेन थांबवलं. म्हटलं, लिही.)

त्या शुक्रवारी जेवण आमच्याकडं. वैशाली ड्युटीवर, हमीदभाई धंद्याच्या कामानं यान्बूला गेलेले. मी ग्लास भरले. लुकाला, सतीशला, खतीजाभाभींना.

लुकानं घोट घेतला. ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. दुसरा घोट घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी! "नोन्ना," म्हणाला. म्हणजे आजी, तिची आठवण आली त्याला. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! तेवढ्यात सतीशनं ओठ लावला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आई, हे किती दिवस ठेवलं होतंस?"

मी खतीजाभाभींकडं बघितलं. त्यांचा ग्लास एक घोट उतरलेला होता. त्या उठल्या, "हात धुवून येते," म्हणाल्या. आल्या आणि जेवायला बसल्या.

"लिंबू कडवट झालंय, नका पिऊ," असं म्हणत सतीशनं ग्लास उचलले आणि बरणी मोरीत ओतली. लुका शेजारी उभा राहिला, जवळच्या माणसाला पोचवायला आल्यासारखा! "कडू बदाम बरोबर जमला होता," एवढंच म्हणाला.

आणि मी? मी खतीजाभाभींना भात वाढला. त्या वेळी एक शब्द बोलले असते तर! नाही बोलले.

*

पुढच्या शुक्रवारी खालून बोलावणं आलं नाही. लिफ्टमध्ये भेटल्या, "कशा आहात आक्का?" म्हणाल्या, उतरल्या. सतीश म्हणाला, "आई, आता राहू दे, त्यांना कळलं नसेल." मलाही तेच हवं होतं. पण ज्या बाईनं माझा डबा कधी न विचारता उघडला, तिच्या तोंडात मी हे घातलं होतं.

अकराव्या दिवशी मी खाली गेले. त्या तांदळाची उकड मळत होत्या. मी दारातच उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. बरणी, बुडबुडे, वास. "मला वास आला होता, भाभी. तरी दिलं."

त्यांचे हात चालूच होते. "मलाही आला होता. ग्लास तोंडाशी नेतानाच."

"मग घोट का घेतलात?"

"तुमच्या हातचं होतं." उकडीचा गोळा त्यांनी उलटा केला. "तोंडातच धरला. बेसिनमध्ये टाकला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"पोरासमोर तुम्हाला काय बोलायचं? आणि नंतर थांबले होते. म्हटलं, आक्का स्वतः येऊन सांगतील." उकडीवर हात फिरवत म्हणाल्या, "अकरा दिवस झाले."

मला वर बघवेना. परत जायला वळले.

"आक्का," त्यांनी मागून हाक मारली. "शुक्रवारी या. सुरमई सांगितलीय. येताना मात्र काही करून आणू नका हं."