कवळीवाल्या तोलाची दुसरी कोळीण

तोलाचं पूर्ण नाव एउस्तोलिया बार्रागान, पण व्हिया दे आल्वारेसमध्ये ते पत्रावरसुद्धा कुणी लिहीत नसे. गावाला ती ठाऊक होती कवळीवाली तोला म्हणून. कोलिमातले तीन दंतवैद्य रुग्णांच्या तोंडाचे ठसे तिच्याकडे पाठवत आणि ती मेण, प्लास्टर, गुलाबी ॲक्रिलिक असं करत करत त्यांवर दात उभे करी. तीस वर्षांत अर्ध्या गावाचं हसू तिच्या हाताखालून गेलं होतं. मिरवणुकीत पाद्रीबुवा तोंड उघडून स्तोत्र म्हणायला लागले की ती बहिणीच्या कानाशी लागे, "वरचे सगळे माझे. खालचे चार तेवढे देवाचे."

तिचा नवरा हिल्दार्दो एकवीस वर्षांपूर्वी मान्सानियोच्या बंदरावर मासळी आणायला गेला तो परतला नाही. मासळीही आली नाही. तोलाने वर्षभर वाट पाहिली आणि मग त्याचे शर्ट फाडून कवळ्या घासायला घेतले. तेव्हापासून घरात ती आणि तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी निका. निकाने लग्न केलं नव्हतं. सकाळी चर्च, दुपारी शिवणयंत्र आणि दिवसभर तोलाचं काय चुकतं ते तोलाला सांगणं, असा तिचा नेम होता.

पहिली कोळीण घरात आली ती वरच्या खोलीतल्या भाडेकरणीमुळे. इत्सेल नावाची ती मुलगी जीवशास्त्र शिकत होती. लग्न ठरलं, तिहुआनाला जायचं झालं, आणि सामान बांधताना तिने काचेची एक पेटी तोलाच्या टेबलावर आणून ठेवली. आत लाल गुडघ्यांची, तळहाताएवढी टॅरंटुला, म्हणजे केसाळ कोळीण. तशा त्या आसपासच्या डोंगरात असतात, पण धरायला बंदी आहे. ही पेटीत जन्मलेली, कागदपत्रांसकट. होणाऱ्या नवऱ्याला भीती वाटते, असं इत्सेल म्हणाली.

"मग त्याला इथे ठेव आणि हिला घेऊन जा," तोला म्हणाली. पण प्रेम ताजं होतं, पोरीने ऐकलं नाही.

कोळिणीला लपायला जागा लागते, झाडाची साल वगैरे. तोलाकडे साल नव्हती, पण ओचोआ वकिलांची वरची कवळी होती. वकीलसाहेब मापं देऊन गेले आणि कवळी न्यायच्या आधीच वारले. घरच्यांनी त्यांना तसंच बोळक्या तोंडाने पुरलं, आणि कवळी फळीवर पडून राहिली. तोलाने खाली प्लास्टरचा उंच कट्टा करून ती त्यावर बसवली आणि पेटीत ठेवली. कोळीण त्या टाळ्याखाली जाऊन बसली, दातांच्या रांगेतून दोन पाय बाहेर. वकिलाच्या तोंडात राहते म्हणून तिचं नाव पडलं वकिलीणबाई.

वकिलीणबाईंचं काम एकच, बसणं. आठवड्याला एक रातकिडा, बशीत पाणी, बाकी हालचाल नाही. तोलाला ते दोन वर्षं पुरलं. चिमट्याने एक एक दात बसवणाऱ्या बाईला धीर शिकवावा लागत नाही. पण त्या पावसाळ्यानंतर बाईंनी कात टाकली आणि खाणंच सोडलं, आणि तोलाच्या मनाने घेतलं की आता दुसरी आणायची. जरा काहीतरी करणारी. पळणारी, रंगाची, पाहिल्यावर पाहिल्यासारखं वाटेल अशी. कोकिमात्लानला गुरांचे निवृत्त डॉक्टर आंगियानो टॅरंटुलांची पैदास करतात, रीतसर परवान्याने, हे तिला इत्सेलनेच सांगितलेलं.

निकाचं म्हणणं असं की एक असली तर हौस म्हणता येते, दोन झाल्या की वेड. शिवाय जगात मांजर नावाचा प्राणी आहे. तोलाने सांगितलं की मांजर उपकार केल्यासारखं बघतं, आणि तेवढ्यासाठी घरात निका आहे. निका दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र जपमाळ आणि डब्यात भाजलेलं डुकराचं मटण भरलेल्या मक्याच्या तोर्तिया घेऊन बसथांब्यावर तोलाच्या आधी हजर. "लगाम ओढायला कुणीतरी हवं," एवढंच म्हणाली.

डॉक्टर आंगियानोंचा कारखाना म्हणजे जुनं कोंबड्यांचं खुराडं. आता तिथे फळ्यांवर दोनशे डबे होते आणि प्रत्येक डब्यात एक बाई किंवा बुवा. डॉक्टर सडपातळ, सत्तरीचे, बोलायला घाई नसलेले. तोलाने कोपऱ्यातल्या उंच बरणीकडे बोट दाखवलं. आत सालीला चिकटून निळीशार, मोरपंखासारखी एक बसली होती. तोला म्हणाली, ही.

मागणी घालायला आलेल्या मुलाला मुलीचा बाप विचारतो तसे डॉक्टर विचारत सुटले. आधी कुठली पाळली आहे, किती वर्षं, पेटीचं झाकण कसं, कधी निसटली का, हातावर घेता का. घेत नाही, तोला म्हणाली. तिला माझा हात आवडत असेल असं मला कधी वाटलं नाही. या उत्तरावर डॉक्टर पहिल्यांदा हसले. मग त्यांनी बरणीचं झाकण बोटभर उचललं आणि आत बारीक ब्रश लावला. निळी जिथे होती तिथे नव्हती. ती डॉक्टरांच्या बाहीवर होती, मग खांद्यावर, मग छताच्या वाशावर. एवढं व्हायला शिंक यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

निका डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. तिने वर पाहिलं, स्टूल उचललं आणि दोन हात लांब जाऊन पुन्हा बसली.

शिडी, बरणी आणि पुठ्ठा घेऊन निळीला उतरवायला पाऊण तास गेला. ही आशियातली, झाडावरची, डॉक्टर शिडीवरून सांगत होते. ही आपल्या इकडच्यांसारखी केस उडवून धमकी देत बसत नाही, सरळ चावते, आणि चावली तर आठवडाभर अंथरूण. "बाई, ही तुमची दहावी असू द्या. दुसरी नको."

तोला थोडी खट्टू झाली. आपल्याला अगदीच कच्चं समजू नये म्हणून तिने पर्समधून कवळीची डबी काढली. आत वकिलीणबाईंची टाकलेली कात, कापसावर ठेवलेली, एकही पाय न मोडता. डॉक्टरांनी ती दिव्याखाली धरली, भिंग लावलं, आणि पुढच्या दोन आखूड पायांची टोकं आता कशी दिसतात म्हणून विचारलं. तोलाकडे फोनमध्ये फोटो होता. ती टोकं कात टाकल्यापासून फुगली होती, मुष्टियोद्ध्याचे हातमोजे घातल्यासारखी. खात नाही, रोज काच चढून बाहेर जायला बघते, हेही तिने सांगितलं.

"या वकिलीणबाई नाहीत," डॉक्टर म्हणाले. "वकीलसाहेब आहेत. वयात आलेत. बाई शोधतायत."

नर वयात आला की फार राहत नाही, हेही त्यांनी सांगितलं. वर्ष, फार तर दीड. माद्या वीस-पंचवीस वर्षं काढतात, नरांचं एवढंच.

 निकाला वाटलं आता ही काहीतरी फटकन बोलेल, पण तोला डबीचं झाकण लावत राहिली, ते नीट लागत नव्हतं. मग म्हणाली, "दोन वर्षं मी त्याला बाई म्हणून हाक मारली आणि त्याने एकदाही तक्रार केली नाही. असा पुरुष मला आता मिळाला."

डॉक्टरांनी मग आपली अडचण सांगितली. त्यांच्याकडे लाल गुडघ्यांची नऊ वर्षांची मादी होती आणि नर सगळे तिचेच धाकटे भाऊ. तोलाने वकीलसाहेबांना आणलं तर बदल्यात या खुराड्यातली, निळी सोडून, कुठलीही घेऊन जावी. फक्त एक आहे, ते म्हणाले, मादी कधी कधी नंतर नवऱ्याला खाते. कधी कधी आधीही.

तोला म्हणाली विचार करते. परतीच्या बसमध्ये निकाने डबा उघडला आणि खाता खाता आपलं मत दिलं. वर्षभरात मरायचाच आहे. काच चढून चढून मरण्यापेक्षा एकदा कामाला लागू दे. तुझ्या हिल्दार्दोला कुणी खाल्लं असतं तर निदान आपल्याला पत्ता तरी लागला असता. तोला इतकी हसली की पुढच्या सीटवरचा म्हातारा मागे वळला, आणि त्याच्या तोंडात दिसली तोलानेच केलेली कवळी.

पुढच्या शनिवारी वकीलसाहेब कोकिमात्लानला गेले, निकाच्या मांडीवरून, कारण तोलाच्या मांडीवर त्यांची कवळी होती. डॉक्टरांनी दोघांना मोठ्या टबात सोडलं आणि हातात लाकडी उलथनं घेऊन उभे राहिले. वकीलसाहेब क्षणभर थिजले, मग त्यांनी पुढचे पाय जमिनीवर वाजवायला सुरुवात केली. ठक ठक ठक, थांबणं, पुन्हा ठक ठक. दोन वर्षं ज्याने बूड हलवलं नव्हतं तो गडी दार ठोठावत होता. पलीकडून मादीने उत्तर वाजवलं. निकाने जपमाळ डोळ्यांपुढे धरली, पण दोन मण्यांमध्ये फट ठेवून.

मिनिटभराचं काम. तो पुढचे पाय तिच्या दातांखाली अडकवून तिला वर रेटून धरत होता. मग तो सुटला आणि जी धूम ठोकली ती थेट टबाच्या भिंतीवर. मादी झेपावली, डॉक्टरांनी उलथनं मध्ये घातलं. एक पाय तिच्याकडे राहिला. सात घेऊन वकीलसाहेब डब्यात आले.

"स्वस्तात सुटला," निका म्हणाली.

आता निवडायची वेळ आली. तोला फळ्यांपुढून दोनदा फिरली. मसुराएवढी पिल्लं होती, पण ती नर निघतील की मादी हे कळायलाच दोन-तीन वर्षं, आणि नर निघालं तर पुन्हा तेच. काळीभोर, लाल बुडाची एक होती, पण तिने झाकण उघडताच केसांचा असा फवारा उडवला की डॉक्टर मनगट खाजवत राहिले. खालच्या फळीवर एक तपकिरी, कुरळ्या केसांची, पाच वर्षांची मादी होती. देखणी मुळीच नाही. पर्म करून पावसात सापडल्यासारखी. कुणी मागत नाही, डॉक्टर म्हणाले, लोकांना रंग लागतो. त्यांनी आत रातकिडा सोडला. तिने तो उचलला, घाई न करता, आणि सगळ्यांदेखत खायला बसली.

"ही जेवते," तोला म्हणाली. "घरात जेवणारं कुणीतरी हवं."

डॉक्टरांनी वही काढली. ही अजून पंधरा-वीस वर्षं जगेल, आणि तुमचं वय सत्तावन्न. तुमच्यामागे कुणी बघायचं ते नाव लिहून घेतो, हा माझा नियम आहे. तोला अडली. इत्सेल लांब, मूलबाळ नाही. निकाने डब्याचं झाकण घट्ट केलं आणि न विचारता सांगितलं, निकानोरा बार्रागान, वय पंचावन्न, गुडघे खराब, बाकी सगळं चालतं. मग तोलाकडे बघून म्हणाली, "माझ्या हाती आली तर तुझे दात काढून झाडाची साल ठेवीन आधी."

घरी आल्यावर कुरळीने पहिल्याच दिवशी काथ्याच्या भुशात बीळ खणलं आणि त्यात दिसेनाशी झाली. काहीतरी करणारी हवी होती. मिळाली ती दिसतसुद्धा नव्हती. चार महिने तोला गिऱ्हाइकांना एक भोक दाखवत होती. वकीलसाहेब फेब्रुवारीत गेले, कवळीखाली, पाय आखडून. तोलाने त्यांना कापसात गुंडाळून कवळीच्या डबीत घातलं आणि लिंबाच्या झाडाखाली पुरलं. त्या दिवशी तिने काम घेतलं नाही. त्याआधीच डॉक्टरांचा फोन आला होता, चारशेच्या वर पिल्लं, हवी तेवढी न्या. तोलाने नको म्हटलं. एका गावात चारशे वकील, कसं निभायचं?

मग पुढच्या उन्हाळ्यात एके दुपारी तोला दंतवैद्यांकडे कवळ्या पोचवायला गेली आणि परत आली तर शिवणयंत्र बंद, आणि निका पेटीसमोर खुर्ची ओढून बसलेली, समोर माडाच्या नीरेचा पेला, तोंडही न लावलेला. कुरळी बिळाबाहेर होती. ओली, नवी, गडद तपकिरी, आणि शेजारी तिची जुनी कात.

निकाने सांगितलं ते असं. कुरळी वर आली आणि उताणी पडली, आठही पाय आकाशाकडे. मेली असं वाटून निकाने आधी चमचा आणला, सुलटी करायला. मग धीर झाला नाही म्हणून एक प्रार्थना म्हणून टाकली. प्रार्थना संपता संपता एक पाय हलला. चमचा ठेवून दिला आणि बसून राहिली. तीन तास.

"मला फोन करायचास की," तोला म्हणाली. "मी दुसरी आणल्यापासून याचीच वाट बघतेय."

"सुचलं नाही," निका म्हणाली. तिची नजर अजून काचेवरच होती. "पंचावन्न वर्षांत मी कुणाला कपडे उतरवताना पाहिलं नव्हतं, तोला. इतकं सावकाश असेल असं वाटलं नव्हतं."

तोलाने पर्स खाली ठेवली, दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसली.