मारानंतरची दृष्ट

आई हाताला लागेल त्याने मारायची, पण तिचा खास जीव ठिबकच्या नळीवर. नव्वदच्या सुमारास मखमलाबादच्या बाजूच्या आमच्या मळ्यात ठिबक नवीनच आलं होतं आणि फाटलेल्या काळ्या नळीचे तुकडे बांधावर पडलेले असायचे. हातभर तुकडा पुरे. मांडीवर बसला की आधी पांढरा पट्टा उठायचा, मग लाल, दुसऱ्या दिवशी निळा. आम्ही शेवंती, झेंडू, गुलाब लावायचो. खुडताना कळी मोडली, पाटी सांडली, उलट उत्तर दिलं, अजिबात उत्तर दिलं नाही, कुठलंही कारण चालायचं. मी आठ-नऊ वर्षांची होते. पळायचे नाही, कारण पळालं की जास्त बसायचा.

आणि दिवेलागणीला तीच बाई मला चुलीपुढे बसवायची. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन माझ्यावरून उतरवायची. आल्यागेल्याची, घरच्यादारच्यांची, ज्याची कुणाची नजर लागली असेल ती जळो, असं पुटपुटत मूठ निखाऱ्यांवर टाकायची. मिरचीचा ठसका लागला तर दृष्ट नाही, नाही लागला तर आहे, अशी परीक्षा. मी खोकून खोकून लाल व्हायचे, तरी ती मान्य करायची नाही.

"त्यो धुराचा खोकला हाय, मिरचीचा नाय. लय वाईट नजर व्हती पोरी. म्हनून माझा हात उठला."

मग माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि वळांवर खोबरेल चोळायची. म्हणजे तिने मारलं नव्हतं आणि माझंही काही चुकलं नव्हतं, कुणाच्या तरी डोळ्यांनी हे सगळं केलं होतं. आईच्या जगात या आजाराचं निदान आणि औषध एकाच मुठीत मावत होतं. बिनमाराच्या दिवशी मात्र ती मला शिवायचीसुद्धा नाही, तिला वेळच नसायचा.

हे माझ्या ध्यानात आलं आणि मी मार ओढवून घ्यायला लागले. एका वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी मी शेवंतीच्या दोन वाफ्यांत शिरून कळ्या पायांखाली तुडवल्या. त्या दिवशी आईने नळी घेतली नाही, कुदळीचा दांडा घेतला. दुसऱ्या की तिसऱ्या फटक्याला मनगटात कट्‌कन वाजलं. मी ओरडले नाही, तिच्या तोंडाकडे बघत राहिले. प्लॅस्टर घातल्यावर तीन दिवस ती मळ्यात गेली नाही. मला भरवलं, माझे केस विंचरले, दिवसातून दोनदा दृष्ट काढली. लहानपणातले सगळ्यांत सुखाचे दिवस कुठले विचाराल तर मी तेच तीन सांगेन, आणि सांगताना मला स्वतःची चीड येते.

लग्न होऊन सिडकोत आले, मुलगी झाली. मी शिकलेली, पेपरातलं मुलांच्या संगोपनाचं सदर कापून ठेवणारी. हात मात्र आईचाच. पहिली थोबाडीत तिच्या तिसऱ्या वर्षी, सांडलेल्या दुधावरून. मग लाटणं झालं, पट्टी झाली, एकदा केसांना धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. नवरा कंपनीत पाळीवर असायचा, आणि घरी असला की पेपर तोंडासमोर धरायचा. दर माराच्या मागून मी गॅसवर तवा तापवून त्यात मीठ, मोहरी, मिरच्या टाकायचे. शेजारीण खोकत दार लावून घ्यायची.

मुलगी पहिलीत असताना शाळेतून बोलावणं आलं. तिने एका मुलीला स्टीलच्या डब्याने मारलं होतं. भुवई फुटून त्या पोरीच्या गालावर रक्त आलं होतं. बाई सांगत होत्या, रक्त बघून माझी मुलगी घाबरली नाही. तिने मैदानातली माती मुठीत घेतली, रडणाऱ्या पोरीला खाली बसवलं आणि मूठ तिच्यावरून उतरवायला लागली.

"हलू नको. तुझी दृष्ट काढते. मग मांडीवर घेते."

शाळेने आम्हाला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मुलीशी एकटीशी बोलून झाल्यावर त्यांनी मला शांतपणे सांगितलं की भीती वाटली की लहान मूल आईकडे धावतं, ही शरीराचीच सोय आहे. पण भीती आईचीच असेल तर त्याला धावायला दुसरी जागा नसते. मग मार आणि माया त्याच्या मनात एकाला एक जोडून बसतात.

"हे आत्ता सुटलं नाही, तर पुढे जो मारेल त्यालाच ती आपला म्हणेल," त्या म्हणाल्या.

त्यांचा चष्मा ओढून पायाखाली चिरडावा असं मला वाटलं. माझे ते तीन दिवस या बाईला कुणी सांगितले?

"मग मारून तशीच सोडू? जवळही घेऊ नको?"

"घ्या ना. पण मारू नका, आणि काही झालेलं नसताना घ्या. रोज दहा मिनिटं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेतून आल्यावर मी तिला मांडीवर घेतलं. तिची पाठ ताठ झाली.

"मी काय केलं?"

"काही नाही. असंच."

तिचा श्वास भरभर चालला होता. दोन-तीन मिनिटांनी ती उतरली, स्वयंपाकघरात गेली, लोणच्याची काचेची बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्याकडे बघत फरशीवर सोडली. काचा पार माझ्या पायापर्यंत आल्या. ती तेलातून पावलं उमटवत आली आणि समोर उभी राहिली.

"आता मार. तू आधीच जवळ घेतलंस."

खांदे आवळलेले, डोळे गच्च मिटलेले. माझं डोकं भणाणलं होतं आणि हात वर गेला होता. तो कितीतरी वेळ तसाच वर राहिला. खाली आणायचा कसा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तिने एक डोळा किलकिला केला.

"आई, विसरलीस का?"

"हो," मी म्हणाले. साफ खोटं. माझा तळहात नुसता शिवशिवत होता.