थोरल्या शेठचा कॉम्प्रेसर

"दुसरी शिफ्ट बंद करून टाका. कॉम्प्रेसरला जरा आराम मिळेल," शेठ म्हणाले आणि त्यांनी चहात बिस्किट बुडवलं.

माणसांच्या पोटावर पाय आला तरी चालेल, मशीनला आराम हवा! मी तेव्हा तुर्भ्याच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनिअर होते. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. बाटली बनते कशी, तर गरम प्लास्टिकची नळी साच्यात धरायची आणि आत दाबाची हवा सोडायची. ती फुग्यासारखी फुगते. ही हवा देतो कॉम्प्रेसर. तो बसला की कारखाना बसला. आमचा सारखा बसायचा.

"शेठ, नवीन घेऊया ना."

"आत्ताच तर क्रँकशाफ्ट बदललाय! तो पैसा पाण्यात घालू?"

"तो गेलाच. त्याला सन्क कॉस्ट म्हणतात. काही केलं तरी परत न येणारा पैसा. पुढचं ठरवताना तो धरायचाच नसतो. आता समजा, पिक्चर भिकार निघाला. तिकिटाचे पैसे वसूल करायला तीन तास बसाल का?"

"बसतो की. अर्ध्यातून उठणारी माणसं आमच्यात नाहीत."

मी कपाळावर हात मारला आणि उठले.

बाहेर आले तर दत्ता जाधव उभा. साताऱ्याकडचा, दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर. बातमी माझ्याआधी शॉपफ्लोअरवर पोचली होती.

"मॅडम, शिफ्ट बंद हुनार म्हंत्यात. खरं हाय का? आवंदाच नेरूळला खोली घेतलीया. बायकोपोरांना गावाकडनं आणलंय, पोरीला शाळेत घातलंय. आता परत कुठल्या तोंडानं धाडू?"

"दसऱ्यापर्यंत थांब, बघते," मी म्हटलं.

मग मी पेबॅक काढला. पेबॅक म्हणजे, नव्या वस्तूवर घातलेले पैसे तिच्यामुळे होणाऱ्या बचतीतून किती दिवसांत सुटतात ते. आमचा जुना कॉम्प्रेसर अर्धी हवा गळून घालवायचा आणि वीज मात्र पोटभर खायचा. वीज, दुरुस्ती आणि फुकट गेलेले तास धरले, तर नवीन कॉम्प्रेसर सव्वा वर्षात फुकट पडत होता. शेठनी कागद वाचला. बराच वेळ वाचला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं गणित बरोबर आहे. पण हा आमच्या बाबांनी घेतलेला. कारखान्याचं पहिलं मशीन. दसऱ्याचा पहिला नारळ आजवर ह्याच्यापुढेच फुटत आलाय. बाबांची वस्तू मी भंगारात काढू? आईला काय वाटेल?"

ह्या खर्चाला आमच्या पुस्तकात कॉलमच नव्हता. शिफ्ट बंदची नोटीस दसऱ्यानंतर लागणार, असं ठरलं.

दसऱ्याला सगळी मशीनं बंद ठेवली. धुऊनपुसून झेंडूचे हार घातले. कॉम्प्रेसरला तर नवा हिरवा रंग. गळायचा अजूनही तेवढाच, पण आज दिसत होता नवरदेव. त्या वर्षी शेठच्या आई पूजेला आल्या. गुडघ्यांमुळे बऱ्याच वर्षांत कारखान्यात फिरकल्या नव्हत्या. वाशीहून गाडीतून आल्या, काठी टेकत थेट कॉम्प्रेसरपुढे उभ्या राहिल्या आणि चष्मा वर करून म्हणाल्या, "अरे, हे धूड अजून इथंच?"

शेठच्या हातातला नारळ हातातच राहिला. "आई, बाबांची आठवण म्हणून..."

"कसली डोंबलाची आठवण! हातात पैसा नव्हता म्हणून कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून उचलला होता ह्यांनी. जेवायला बसले की त्याला शिव्या घालायचे. चार पैसे आले की आधी हे काढतो म्हणायचे. तेवढं राहून गेलं बघ त्यांचं."

सगळे कामगार जमिनीकडे बघत होते. दत्ताचे खांदे हलत होते. मला तर हसू आवरेना, पदर तोंडाला लावला.

शेठनी नारळ फोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तो तुमचा कागद कुठाय?"

दिवाळीआधी नवीन कॉम्प्रेसर आला. दुसरी शिफ्ट राहिली. दत्ताने पेढे आणले. जुना परत भंगारात गेला आणि शेठनी बाबांच्या त्या आठवणीसाठी भंगारवाल्याशी अर्धा तास घासाघीस केली.

मी एक धडा घेतला. हिशोब मांडायच्या आधी घरातल्या मोठ्यांना विचारून घ्यायचं. सव्वा वर्षाचा पेबॅक मला पटवता आला नाही, तो आईंनी नारळ फुटायच्या आत पटवला.

पुढच्या दसऱ्याला शेठनी नव्या कॉम्प्रेसरला स्वतःच्या हातानं हार घातला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, हा लकी आहे. हा कधीच काढायचा नाही, बरं का."

मी मान डोलावली आणि ह्याही वर्षी पूजेला आलेल्या आईंना कॉम्प्रेसरपुढेच खुर्ची आणून दिली.