नोराची सुटका, आमच्या ड्राइव्हवेवर

लॉकडाऊनमधली गोष्ट. एका दुपारी क्रेगीबर्नच्या आमच्या गल्लीत पोलिसांची गाडी आली... आणि चक्क माझ्यासाठी आली.

तक्रार अशी होती, की या घरासमोर रोज सभा भरते आणि एक बाई ओरडून भाषण करते! बाई म्हणजे मी. भाषण मात्र नव्हतं. मी शेजारच्या पॅटला कादंबरी वाचून दाखवत होते.

पॅट आयरिश वंशाचा, पंचाहत्तरीचा, एकटा राहतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन हॉस्पिटलने पुढे ढकललेलं, मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला, आणि राज्यांच्या सीमा बंद. कादंबरी अर्धी वाचून झाली आणि त्याला अक्षरं दिसेनाशी झाली. मग त्याने घराबाहेर येणंच सोडलं. एकदा डबा ठेवायला गेले तर दारातून म्हणाला, "नोराचं पुढे काय झालं, ते आता काही मला कळत नाही."

नोरा म्हणजे त्या कादंबरीतली पोरगी. साडेतीनशे वर्षांपूर्वी आयर्लंडमधून धरून, जहाजात कोंबून बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यावर नेलेली. इतकी वर्षं राबायचं आणि मग सुटका, असा करार तिच्या माथी मारलेला... तोवर जगलीच तर!

म्हटलं, मी वाचते. तो त्याच्या ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून बसायचा, मी माझ्या पोर्चमध्ये उभी, मधे झुडपांची बुटकी रांग. लंच ब्रेकला एक प्रकरण.

आता, कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली बाई हळू कशी वाचणार? मुकादमाचा चाबूक आला की माझा आवाज चढायचा. त्यात मी सांगलीकडची... उसाचं पातं हात कसं कापतं, हे मला कुणी सांगायला नको. नवरा खिडकीतून ओरडायचा, "अगं, मीटिंग चालू आहे! क्लायंट विचारतोय, तुमच्याकडे कुणाला मारतायत?"

हळूहळू फुटपाथवर माणसं थांबायला लागली. कुत्रं फिरवणारे, ट्रक चालवणारा पंजाबी सुखी, समोरच्या घरातल्या, मूळच्या भारतीय पण फिजीत वाढलेल्या प्रसादबाई... नुसती ऐकत उभी राहायची.

पॅटशी मात्र रोज भांडण. तो म्हणायचा, "बघ, आम्हीपण गुलामच होतो. सगळं सारखंच, मेट." मी म्हणायचे, नाही पॅट! जबरदस्ती खरी, मार खरा, समुद्रात फेकलेली प्रेतं खरी. पण नोराच्या कराराला शेवट आहे. तिच्या शेजारच्या सरीत ऊस तोडणाऱ्या आफ्रिकन अबीनाला तो नाही, तिच्या पोटच्या पोरांनाही नाही. आपलं दुःख खरं ठरवायला दुसऱ्याचं लहान करायची गरज नसते!

"आधी पुस्तक संपव, मग भांड," पॅट गुरगुरायचा.

आणि नेमकं शेवटचं प्रकरण उरलेलं असताना पोलीस आले. मास्क लावलेली तरुण ऑफिसर होती. मी लगेच सुरू... वाचनाचा हक्क, माणसाला माणूस लागतो, एकट्या म्हाताऱ्याने करायचं काय... पॅटने मला मधेच तोडलं आणि ऑफिसरला म्हणाला, "लव्ह, ती थांबायची नाही, तू माझं ऐक. माझे डोळे गेलेत, ती मला पुस्तक वाचून दाखवते. बस्स."

ऑफिसर हसली असावी, मास्कमुळे कळलं नाही. म्हणाली, स्वतःच्या अंगणातून वाचा, नो वरीज. पण फुटपाथवर जमाव नको. पुन्हा दिसला तर हे बंद करावं लागेल.

माणसं पांगली. पॅटने खुर्ची घडी केली. "राहू दे," म्हणाला. "उगाच तुला त्रास. शेवट नाही कळला तरी चालेल."

ते 'चालेल' मला झोंबलं. एवढ्या दिवसांनी हा माणूस उन्हात यायला लागला होता... आणि आता परत आत जाऊन दार लावणार? नियम जमावाचा आहे ना? मग पाळू की! गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. उद्या शेवटचं प्रकरण, प्रत्येकाने आपापल्या ड्राइव्हवेवर बसायचं. ऐकू येण्याची जबाबदारी माझी.

आणि काय सांगू! दोन्ही बाजूंना घरोघरी खुर्च्या. ऑनलाइन शाळेतून पळालेली पोरं गाड्यांच्या बॉनेटवर. मी पोटातून आवाज काढला आणि वाचायला लागले.

मधेच तीच पोलीस गाडी गल्लीत वळली. फुटपाथवर चिटपाखरू नव्हतं. ऑफिसरने काच खाली केली, अख्खी गल्ली बघितली आणि म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नका." गाडी संथ निघून गेली, काच खालीच ठेवून.

शेवटी नोराची मुदत भरते. मळ्याचं फाटक उघडतं, ती बाहेर पडते. मागे वळून बघते तर अबीना सरीतच, वाकलेली, कोयता चालूच.

मी पुस्तक मिटलं. पॅटने आधी चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "तुझं बरोबर होतं. नोराला निदान फाटक तरी होतं." आणि उठून दोन्ही मुठी वर करून ओरडला, "पण सुटली पोरगी!"

गल्लीने जो दणका केला! टाळ्या, शिट्ट्या, सुखीच्या ट्रकचा हॉर्न...

त्या गोंधळात प्रसादबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या फिजीच्या हिंदीत म्हणाल्या, "हमार आजी भी गन्ना काटिस रहा, फिजी में. किताब नहीं है. हम बोलेगा कल?"

बोला की! दुसऱ्या दुपारी पोर्चमध्ये मी खुर्ची टाकून बसले, पॅट त्याच्या ड्राइव्हवेवर आणि समोरून बाईंचा कापरा आवाज. जिला करारावर नेऊन मळ्यावर गप्प बसवलं होतं, तिची नात भर उन्हात बोलत होती आणि अख्खी गल्ली कान देऊन ऐकत होती... मी आयुष्यात पुष्कळ सभा जिंकल्या, पण विजय म्हणजे काय, ते मला त्या दुपारी खाली बसून कळलं.