वरच्या खोलीतली राखणदार

मुलांनो, आपला रोहन हल्ली क्रिप्टोवाल्यांच्या कुठल्याशा गटात काम करतो आणि जेवतानाही फोन खाली ठेवत नाही, असं परवा तुमच्या आईने सांगितलं. म्हणून आपल्या दापोलीच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहिलेल्या सुमाबद्दल लिहायला बसले.

सुमा दुपारी चारला चहा घेता घेता फोनवर "गुड मॉर्निंग" लिहायची. मी हसले की म्हणायची, "काकू, कुठेतरी सकाळ असतेच. आमचा बाजार मिटतच नाही." अशाच एका आभासी चलनाच्या गटाची ती राखणदार होती. नवख्यांना समजावायचं, भामट्यांना हाकलायचं. भाव पडला की शिव्या हिलाच. "भाव काय मी पाडते का हो?" म्हणायची आणि पुन्हा उत्तरं लिहू लागायची.

"एवढं उत्तर देते नि आले," हे तिचं नेहमीचं. तोवर आमटी गार. मी रागावले तर म्हणे, "तेवढ्यात कुणी फसला तर?" मी आमटी पुन्हा गरम करायला ठेवी.

अनोळखी फोन ती घेत नसे. हळूहळू ओळखीचेही घेईना. तिचे वडील आप्पा, निवृत्त शिक्षक, केळशीला एकटेच. "रविवारी जाते," म्हणायची. रविवार येई नि जाई.

एका दुपारी आप्पा शेजाऱ्याचा हात धरून फाटकात उभे. डोळ्याला पट्टी. सुमा धावत खाली आली.

"आप्पा, ऑपरेशन केलंत? मला कळवायचं नाही?"

"कळवलं की गो. फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या गटात शिरलो. रीतसर इंग्रजीत लिहिलं. तर बाईंनी वर्गाबाहेर काढलं!"

तिने फोनमध्ये शोधलं. 'रिस्पेक्टेड मॅडम, काइंडली कॉन्टॅक्ट मी अर्जंटली.' इंग्रजी निर्दोष होतं. पण भामटेही असंच आदबीने लिहितात.

"नाव का नाही घातलंत?"

"गटात नाव सांगू नये, असं तूच नियमात लिहिलंयस."

शेजारी हसला. सुमा पायरीवर बसली. "काकू, मी वाचलंच नव्हतं. नुसतं बोट चालत होतं."

त्याच आठवड्यात तिने फिलिपिन्समधल्या मनिलाच्या एका मुलीला आणि आफ्रिकेतल्या लागोसच्या एका गृहस्थांना राखणीला घेतलं आणि स्वतःकडे फक्त सकाळ ठेवली. ती दिवसभर भेटत नाही म्हणून काहीजण चिडून गट सोडून गेले. "जाऊ देत," म्हणाली, "मी एकटी किती पुरणार?" मग खोली सोडून केळशीला गेली. दुपारी आप्पांच्या डोळ्यात औषध घालायची, त्यांना पेपर वाचून दाखवायची. सुरुवातीला हात सारखा फोनकडे जाई, असं तीच सांगायची.

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. मला वाटलं, ही पुन्हा दिवसभर फोनवर बसणार. काही दिवस बसलीही. परवा तिच्याशी बोलले, तेव्हा तिचा आवाज थकलेला होता. पण तिने आधी जेवून मग फोन केला होता.

गट चालू आहे. सकाळी सुमा असते. दुपारी दुसरं कुणीतरी असतं.